विद्यार्थी-संशोधन आणि भूगोल विभागाची जडणघडण : वॉशिंग्टन विद्यापीठातील एका प्रयोगाचा अभ्यास (१९५५ ते १९६१)

प्रस्तावना

विद्यापीठातील कोणत्याही विभागाच्या वार्षिक अहवालात विद्यार्थ्यांच्या यशाचा एक तक्ता असतो. किती विद्यार्थ्यांनी पीएच.डी. मिळविली, किती जण नेट-सेट उत्तीर्ण झाले, किती शोधनिबंध वाचले गेले, कोणाला पारितोषिक मिळाले, याची नोंद त्यात असते. अशी नोंद आवश्यक आहे. परंतु ती केवळ फलिताची नोंद आहे. ते फलित विभागातील कोणत्या व्यवस्थेमुळे हाती आले, हे त्या तक्त्यावरून कळत नाही. शिवाय विद्यार्थ्याला संशोधनामुळे पदवी मिळणे ही एक गोष्ट आणि त्या संशोधनामुळे विषय पुढे जाणे ही दुसरी गोष्ट होय. या दोहोंतील अंतर मोठे आहे.

हे अंतर एका विभागाने अल्पकाळात ओलांडल्याचे एक ठळक उदाहरण भूगोलाच्या इतिहासात आढळते. अमेरिकेच्या वायव्येकडील सिॲटल शहरात वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तेथील भूगोल विभागात १९५५ पासून पुढील पाच-सहा वर्षांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका लहान गटाने जे काम केले, त्यातून ‘संख्यात्मक क्रांती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थित्यंतराला गती मिळाली. या गटाने नेमके काय केले, ते कसे शक्य झाले, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि आपल्याकडील विभागांना त्यापासून काय घेता येईल, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत भूगोल हा विषय अडचणीत होता. १९४८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने आपल्याकडील भूगोलाचे अध्यापन बंद करण्याचा निर्णय घेतला. या निर्णयामुळे भूगोल हा स्वतंत्र विद्यापीठीय विषय म्हणून टिकेल काय, असा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. त्या काळातील भूगोलाचे मुख्य कार्य प्रदेशांचे वर्णन हे होते. रिचर्ड हार्टशोर्न यांच्या १९३९ मधील ‘द नेचर ऑफ जिऑग्राफी’ या ग्रंथाने या भूमिकेला तात्त्विक अधिष्ठान दिले होते. प्रत्येक प्रदेश आपल्या परीने एकमेव असतो आणि त्या वेगळेपणाचे आकलन करून देणे हे भूगोलाचे काम होय, असा या विचाराचा आशय होता.

१९५३ मध्ये फ्रेड शेफर यांचा या भूमिकेस आव्हान देणारा निबंध प्रसिद्ध झाला. भूगोलानेही इतर शास्त्रांप्रमाणे अवकाशीय रचनेमागील नियम शोधावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वीच शेफर यांचे निधन झाले. त्यामुळे वाद सुरू झाला खरा, पण नियम शोधायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे, याचे उत्तर कृतीतून कोणीतरी द्यायला हवे होते. ते उत्तर प्रामुख्याने विद्यार्थ्यांकडून आले.

विभाग, शिक्षक आणि विद्यार्थी

डोनाल्ड हडसन हे त्या वेळी वॉशिंग्टन विद्यापीठातील भूगोल विभागाचे प्रमुख होते. एडवर्ड उलमन आणि विल्यम गॅरिसन हे दोन अध्यापक या विभागात होते. वाल्टर क्रिस्टालर यांचा केंद्रस्थान सिद्धांत १९४१ मधील आपल्या निबंधाद्वारे इंग्रजी वाचकांसमोर आणणारे ते हेच उलमन. क्रिस्टालर यांचा हा सिद्धांतदेखील मुळात एका विद्यार्थ्याचा प्रबंध होता, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी तो जर्मनीतील एर्लांगेन विद्यापीठात पूर्ण केला आणि १९३३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

१९५५ मध्ये गॅरिसन यांनी भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी प्रगत संख्याशास्त्राचा चर्चावर्ग सुरू केला. अमेरिकेतील भूगोल विभागांत अशा प्रकारचा हा पहिलाच प्रयत्न मानला जातो. याच सुमारास विभागात जमलेल्या विद्यार्थ्यांत ब्रायन बेरी, रिचर्ड मॉरिल, जॉन निस्टुएन, ड्वेन मार्बल, मायकेल डेसी, विल्यम बंगी, वाल्डो टोबलर आणि आर्थर गेटिस यांचा समावेश होता. बेरी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधून आले होते, तर बंगी विस्कॉन्सिन येथील शिक्षणानंतर तेथे पोहोचले होते. बेरी यांना १९५८ मध्ये पीएच.डी. मिळाली. मॉरिल, निस्टुएन आणि मार्बल यांना ती १९५९ मध्ये, डेसी आणि बंगी यांना १९६० मध्ये, तर टोबलर आणि गेटिस यांना १९६१ मध्ये मिळाली. एका विभागातून सहा-सात वर्षांत आठ प्रबंध, ही संख्या आज कोणालाही विलक्षण वाटणार नाही. विलक्षण आहे तो त्या कामाचा परिणाम.

जवळचा परिसर, मूलभूत प्रश्न

या गटाच्या कार्यपद्धतीचे उत्तम उदाहरण म्हणजे बेरी आणि गॅरिसन यांचा १९५८ मधील स्नोहोमिश परगण्याचा अभ्यास होय. स्नोहोमिश हा परगणा सिॲटलच्या उत्तरेस, विद्यापीठापासून सहज जाता येईल इतक्या अंतरावर आहे. तेथील ३३ लहानमोठी केंद्रे अभ्यासासाठी निवडण्यात आली आणि प्रत्येक केंद्रात कोणती दुकाने व सेवा किती संख्येने आहेत, याची आधारसामग्री जमविण्यात आली.

प्रश्न क्रिस्टालर यांच्या सिद्धांतातून आला होता. एखादी सेवा एखाद्या ठिकाणी टिकून राहण्यासाठी किमान किती लोकसंख्येचा आधार लागतो? आणि या किमान आवश्यकतेनुसार वस्त्यांच्या खरोखरच वेगवेगळ्या श्रेणी पडतात काय, की लहानापासून मोठ्यापर्यंतचा क्रम अखंड असून श्रेणी ही केवळ अभ्यासकाची सोय आहे?

या प्रश्नाचे उत्तर काढण्याची रीत समजण्यास अवघड नाही. आलेखाच्या एका अक्षावर एखाद्या सेवेच्या केंद्रांची संख्या आणि दुसऱ्या अक्षावर वस्तीची लोकसंख्या घ्यावयाची. प्रत्येक वस्तीसाठी एक बिंदू मिळतो. या बिंदूंतून त्यांच्याशी अधिकाधिक जुळणारी वक्ररेषा काढावयाची आणि सेवाकेंद्रांची संख्या ‘एक’ असेल तेथे ती वक्ररेषा किती लोकसंख्या दाखविते, ते वाचावयाचे. ती त्या सेवेची किमान आवश्यक लोकसंख्या. स्नोहोमिशमध्ये पेट्रोल पंपासाठी ती १९६, किराणा दुकानासाठी २५४, प्राथमिक शाळेसाठी ३२२, डॉक्टरसाठी ३८०, दंतवैद्यासाठी ४२६ आणि वकिलासाठी ५२८ इतकी निघाली. सर्व सेवांचा असा क्रम लावल्यावर सेवांचे आणि वस्त्यांचे प्रत्येकी तीन गट संख्याशास्त्रीय कसोटीवर वेगळे करता आले. वस्त्यांचे हे गट म्हणजे वाडी, खेडे आणि गाव अशा चढत्या श्रेणी होत्या.

हे आकडे स्नोहोमिशचे, तेही १९५० च्या दशकातील आहेत. मोटारगाडी घरोघरी पोहोचलेल्या समाजाचे चित्र त्यांत उमटले आहे. ते जसेच्या तसे अन्यत्र लागू पडणार नाहीत. या अभ्यासाचे महत्त्व आकड्यांत नसून दुसऱ्याला पडताळून पाहता येईल अशी रीत हाती आली, यात आहे. ‘या भागात बाजारकेंद्रांची श्रेणी दिसते’ असे म्हणणारा अभ्यासक आपले निरीक्षण सांगतो. ‘अमुक कसोटीवर तीन श्रेणी वेगळ्या ठरतात’ असे म्हणणारा अभ्यासक खोडून काढता येईल असे विधान करतो. विद्यार्थ्याच्या कामाला शास्त्रीय मूल्य येते ते या दुसऱ्या प्रकारच्या विधानामुळे.

सामायिक साधने आणि सामायिक प्रकल्प

या कामासाठी लागणारी साधने त्या काळी दुर्मिळ होती. विद्यापीठातील आयबीएम ६५० हा संगणक रसायनशास्त्र विभागाच्या इमारतीच्या पोटमाळ्यावर होता आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांना तो इतर विभागांबरोबर वाटून घ्यावा लागे. संगणक चालविण्याचे तयार प्रशिक्षण नव्हते. एकाने शिकावे आणि दुसऱ्याला शिकवावे, अशी पद्धत होती. साधनांच्या टंचाईमुळे विद्यार्थी एकमेकांपासून दूर गेले नाहीत, उलट जवळ आले.

दुसरा आधार महामार्गांच्या अभ्यासाचा होता. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांच्या बांधणीला मोठा निधी मिळाला आणि रस्त्यांमुळे वस्त्यांवर, व्यापारावर व जमिनीच्या किमतींवर काय परिणाम होतो, हा व्यावहारिक प्रश्न बनला. गॅरिसन यांनी त्यातून विद्यार्थ्यांसाठी एक सामायिक प्रकल्प उभा केला. व्यापारी केंद्रांची मांडणी, ग्राहकांच्या फेऱ्या, वैद्यकीय सेवांचे स्थान असे त्याचे निरनिराळे भाग विद्यार्थ्यांनी हाताळले. १९५९ मध्ये हे काम ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा गॅरिसन यांच्याबरोबर बेरी, मार्बल, निस्टुएन आणि मॉरिल यांची नावे लेखक म्हणून छापली गेली. विद्यार्थ्यांचे नाव ऋणनिर्देशात न जाता मुखपृष्ठावर गेले, ही बाब लहान असली तरी निर्णायक होती.

चक्रमुद्रित निबंधांची मालिका

नव्या पद्धतीच्या लेखनाकडे तत्कालीन संपादक साशंकतेने पाहत. गणिती चिन्हे असलेला निबंध भूगोलाचा कसा, अशी शंका घेतली जाई. यावर उपाय म्हणून विभागाने १९५८ मध्ये चर्चानिबंधांची मालिका सुरू केली. विद्यार्थ्यांचे अपूर्ण, कच्चे, परंतु नवे काम चक्रमुद्रित करून इतर विद्यापीठांतील समानधर्मी अभ्यासकांकडे पाठविले जाऊ लागले.

या मालिकेचे कार्य आजच्या संशोधनपत्रिकेहून वेगळे होते. येथे निबंध ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ होत नव्हता. त्यावर चर्चा होत होती. प्रबंध पूर्ण होण्यापूर्वीच विद्यार्थ्याला दूरच्या अभ्यासकांचे आक्षेप कळत आणि त्यांचा विचार करून काम सुधारता येई. १९५९ मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे टॉर्स्टेन हेगरस्ट्रँड सिॲटलला आले. नवप्रवर्तनांच्या प्रसारावरील त्यांच्या कामाशी या गटाचा जवळून परिचय झाला. बंगी यांचा ‘थिअरेटिकल जिऑग्राफी’ हा ग्रंथ पुढे १९६२ मध्ये लुंड येथूनच प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याचे काम स्वदेशाआधी परदेशात ग्रंथरूप घेते, यावरून या संपर्कजालाची ताकद लक्षात येते.

यशाचे दूरगामी मोजमाप

या विद्यार्थ्यांच्या पुढील कामाकडे पाहिले असता त्यांच्या विद्यार्थिदशेतील प्रश्नांचा धागा स्पष्ट दिसतो. निस्टुएन आणि डेसी यांनी १९६१ मध्ये वॉशिंग्टन राज्य व लगतच्या भागातील ४० शहरांमधील दूरध्वनी संभाषणांच्या संख्येवरून कोणते शहर कोणत्या शहराच्या प्रभावाखाली आहे, हे आलेख-सिद्धांताच्या साहाय्याने दाखविले. टोबलर यांनी विद्यार्थी असतानाच १९५९ मध्ये नकाशाशास्त्र आणि स्वयंचलन यांवर निबंध लिहिला. नकाशा यंत्राकडून काढून घेता येईल, ही त्यातील कल्पना त्या वेळी नवीन होती. १९७० मध्ये डेट्रॉइटच्या नागरी वाढीवरील निबंधात त्यांनी जवळच्या गोष्टींचा परस्परसंबंध दूरच्या गोष्टींपेक्षा अधिक असतो, हे तत्त्व मांडले. भूगोलाचा पहिला नियम म्हणून ते आज पाठ्यपुस्तकांत शिकविले जाते. गेटिस यांनी ऑर्ड यांच्यासमवेत १९९२ मध्ये मांडलेले सांख्यिकी मापक आज भौगोलिक माहिती प्रणालीच्या संगणक आज्ञावलींत ‘हॉट स्पॉट’ शोधण्यासाठी वापरले जाते. महाराष्ट्रातील एखादा विद्यार्थी साथीच्या रोगाचा किंवा गुन्ह्यांचा नकाशा करताना हे बटण दाबतो, तेव्हा तो नकळत सिॲटलमधील त्या चर्चावर्गाशी जोडला जातो.

मर्यादा आणि आत्मपरीक्षण

या यशाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा संस्थात्मक होती. बेरी १९५८ मध्ये शिकागोला गेले, गॅरिसन १९६० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेले आणि गट पांगला. मॉरिल मात्र पुढे याच विभागात परतले आणि तेथेच दीर्घकाळ अध्यापन केले. एका शिक्षकाभोवती उभे राहिलेले वातावरण तो शिक्षक गेल्यावर टिकतेच असे नाही.

दुसरी मर्यादा दृष्टीची होती. या गटातील नामवंत ठरलेले सर्व विद्यार्थी पुरुष होते. जे मोजता येते तेच प्रथम मोजले गेले. दुकाने मोजली गेली, परंतु दुकानापर्यंत ज्यांना पोहोचता येत नाही ते लोक बराच काळ आकडेवारीबाहेर राहिले. पुढे १९७३ मध्ये डेव्हिड हार्वे यांनी ‘सोशल जस्टिस अँड द सिटी’ या ग्रंथात संख्यात्मक भूगोलाच्या सामाजिक मौनावर टीका केली. स्वतः हार्वे १९६९ पर्यंत या पद्धतीचे समर्थ भाष्यकार होते, हे विशेष. सिॲटलच्या गटातूनही असे आत्मपरीक्षण झाले. मॉरिल यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांच्या विस्ताराचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंगी तर डेट्रॉइटमधील फिट्झगेराल्ड या वस्तीत जाऊन राहिले आणि तेथील लोकांच्या जीवनावर त्यांनी १९७१ मध्ये ग्रंथ लिहिला. शुद्ध भूमितीची भाषा बोलणारा अभ्यासक मुलांना खेळायला सुरक्षित जागा आहे काय, हा प्रश्न नकाशावर मांडू लागला. पद्धतीवरील प्रभुत्व आणि प्रश्नाविषयीची आस्था या दोन्ही गोष्टी लागतात, हेच यातून दिसते.

भारतीय संदर्भ

या संशोधनाचे धागे भारतापर्यंत आले. बेरी यांनी भारतातील मालवाहतुकीच्या प्रवाहांचा अभ्यास करून भारतीय अर्थव्यवस्थेच्या अवकाशीय रचनेवर १९६६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. केंब्रिजचे पीटर हॅगेट आणि गुणवर्धने यांनी १९६४ मध्ये दक्षिण श्रीलंकेतील आधारसामग्रीवरून किमान आवश्यक लोकसंख्या काढण्याची अधिक सोपी रीत दाखविली. ज्या लोकसंख्येच्या वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत ती सेवा आढळते, ती लोकसंख्या म्हणजे त्या सेवेची सीमा, असे तिचे सूत्र होते. सुधीर वनमाळी यांनी पूर्व महाराष्ट्राच्या संदर्भात केंद्रस्थान संकल्पनांची तपासणी करून सामाजिक सुविधांच्या नियोजनावर १९७० मध्ये लेखन केले. हैदराबादच्या राष्ट्रीय सामुदायिक विकास संस्थेने ते प्रसिद्ध केले. त्याहीपूर्वी, १९४१ मध्ये, चं. धुं. देशपांडे यांनी तत्कालीन मुंबई कर्नाटकातील बाजारगावे आणि नियतकालिक जत्रा यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे बाजारगावांचा प्रश्न आपल्याकडे उसना आलेला नाही. त्या प्रश्नाला लावावयाची कसोटी मात्र पुढे अधिक काटेकोर झाली.

महाविद्यालयीन विभागांसाठी अर्थ

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर महाराष्ट्रात शोधप्रकल्प हा पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. पदवी बंद केली आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रकाशित करण्याची सक्तीही त्या नियमावलीत उरलेली नाही. परिणामी संशोधनाची पहिली ओळख आता पदव्युत्तर वर्गातील प्रकल्पातच होणार आहे आणि तिची जबाबदारी मोठ्या प्रमाणात महाविद्यालयीन अध्यापकांवर आली आहे. वीस विद्यार्थ्यांना वीस असंबद्ध विषय देऊन वीस बांधीव प्रती कपाटात ठेवणे, ही या जबाबदारीची पूर्तता नव्हे.

सिॲटलच्या अनुभवातून काही गोष्टी घेता येतात आणि त्यांना मोठा निधी लागत नाही. पहिली गोष्ट म्हणजे सामायिक प्रश्न. एकाच तालुक्यातील बाजारगावे, दवाखाने, शाळा, बँका आणि एस.टी.चे मार्ग हे विषय वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना दिल्यास प्रत्येकाची आधारसामग्री दुसऱ्याच्या उपयोगी पडते. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावनिहाय लोकसंख्या व सुविधांची माहिती उपलब्ध आहे. तिच्यावरून एखाद्या तालुक्यातील माध्यमिक शाळेसाठी किंवा बँकेसाठी लागणारी किमान लोकसंख्या काढणे आणि क्षेत्रभेटीतून ती पडताळणे, हा पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील प्रकल्प आहे. डोंगराळ तालुका आणि सपाटीचा तालुका यांच्या उत्तरांत फरक पडला तर तो फरकच नव्या प्रश्नाला जन्म देईल.

दुसरी गोष्ट म्हणजे कच्च्या कामाचे वाचन. प्रकल्प पूर्ण झाल्यावर परीक्षकापुढे जाण्याऐवजी अपूर्ण असतानाच तो वर्गापुढे आणि शेजारच्या महाविद्यालयातील अध्यापकांपुढे आला, तर चुका वेळीच कळतात. तिसरी गोष्ट म्हणजे सातत्य. गेल्या वर्षीच्या प्रकल्पातील आधारसामग्री आणि नकाशे विभागात व्यवस्थित जतन करून यंदाच्या विद्यार्थ्यांना दिले, तर संशोधन दरवर्षी शून्यापासून सुरू होणार नाही. चौथी गोष्ट श्रेयाची आहे. ज्याने गावोगाव फिरून माहिती आणली, त्याचे नाव शोधनिबंधावर लेखक म्हणून यावे, हा केवळ सौजन्याचा प्रश्न नसून न्यायाचा प्रश्न आहे.

शेवटची गोष्ट अध्यापकांविषयीची आहे. गॅरिसन यांच्या वर्गात जे शिकविले जात होते, त्यातील बरेचसे भूगोलात त्यापूर्वी कोणी शिकविलेच नव्हते. मार्गदर्शकाला उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नावरचा प्रकल्प हा सराव असतो. त्यालाही उत्तर ठाऊक नसलेल्या प्रश्नावरचा प्रकल्प हे संशोधन असते.

समारोप

वॉशिंग्टन विद्यापीठातील आठ विद्यार्थ्यांचे यश त्यांच्या वैयक्तिक बुद्धिमत्तेचे होते, यात शंका नाही. तथापि तेवढ्याने त्याचे स्पष्टीकरण होत नाही. शेजारच्या परगण्यातील मूलभूत प्रश्न, वाटून घेतलेली साधने, चर्चेसाठी खुले ठेवलेले कच्चे काम आणि विद्यार्थ्याला सहलेखक मानणारा शिक्षक, या चार गोष्टी एकत्र आल्यामुळे त्या बुद्धिमत्तेला दिशा मिळाली. यांपैकी एकही गोष्ट आपल्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला अप्राप्य नाही. विभागाच्या अहवालातील तक्ता तसाच ठेवावा. परंतु त्याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा. या वर्षी विद्यार्थ्यांनी कोणता प्रश्न हाती घेतला आणि गेल्या वर्षीच्या उत्तरात त्यांनी कोणती भर घातली किंवा कोणती दुरुस्ती केली, हे त्यात लिहावे. तो रकाना दरवर्षी भरता आला, तर विभागात संशोधन चालते असे म्हणता येईल.